वेचणी लागण्याआधीचा महिना

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पहिली ते सातवीचे वर्ग, पट ९४ आणि आम्ही चार शिक्षक. मुख्याध्यापक मे महिन्यात सेवानिवृत्त झाले आणि जुलैपासून प्रभार माझ्याकडे आला. तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे आहेच; त्यावर पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, बैठका आणि पालकांच्या तक्रारी. फोनवर दिवसभर ‘तातडीने कळवा’ असे निरोप येत राहतात. प्रशिक्षणात सांगितले गेले की मुख्याध्यापकाने घटना घडल्यावर धावपळ करू नये, आधीच पुढाकार घ्यावा; तो कसा घ्यायचा, हे मात्र कोणी सांगितले नाही. कापसाची वेचणी लागली की वरच्या वर्गांतली निम्मी मुले, त्यातही मुली, शाळेत येत नाहीत. तांड्यावरची काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. शाळा व्यवस्थापन समिती सह्यांपुरती उरली आहे. माझ्याहून ज्येष्ठ असलेल्या एका सरांनी प्रकृतीच्या कारणाने प्रभार नाकारला, पण मी काहीही सुचवले की ते म्हणतात, ‘मॅडम, वरून पत्र येऊ द्या.’ मी नुसती प्रभारी. माझे कोण ऐकणार? लेखी नकार देऊन हा प्रभार सोडून द्यावा का?
— एक प्रभारी मुख्याध्यापिका

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र पोळ्याच्या आठवड्यात लिहिलेले आहे, ही गोष्ट आपल्या बाजूची आहे. हेच पत्र डिसेंबरमध्ये आले असते, तर मला आपल्याला धीर देण्यापलीकडे फारसे काही लिहिता आले नसते. प्रभार ठेवावा की सोडावा, याचे उत्तर शेवटी देतो, आधी पुढाकाराबद्दल.

प्रशिक्षणात पुढाकाराविषयी जे बोलले जाते, त्यातून बहुतेक शिक्षकांचा असा समज होतो की काहीतरी नवे सुरू केले पाहिजे : नवा उपक्रम, नवी भिंत रंगवणे, नवा दिन साजरा करणे आणि त्याचे छायाचित्र गटावर टाकणे. माझे मत याच्या उलट आहे. आपल्या भागातल्या शाळेत वर्षभरात जे काही घडते, त्यातले फारच थोडे अनपेक्षित असते. उन्हामुळे विदर्भातली शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडते आणि तेव्हा घरोघरी पेरणीची घाई असते, त्यामुळे पहिले दोन आठवडे पालक भेटत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याला पाणी आले की पलीकडच्या वस्तीवरची मुले अडकतात. ३० सप्टेंबरचा पट संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेतली शिक्षकांची पदे ठरवण्यासाठी, धरला जातो, आणि आधारवरील नावाची चूक नेमकी त्या आठवड्यात आठवते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी होते. सीतादहीची पूजा करून कापसाची वेचणी सुरू झाली की सहावी-सातवीचे बाक रिकामे होऊ लागतात. मार्चमध्ये सकाळची शाळा होते आणि त्याच सुमारास बोअरचे पाणी खाली जाते. या सगळ्या गोष्टी पंचांगासारख्या ठरलेल्या आहेत. तरीही दरवर्षी त्या अचानक कोसळल्यासारखे आपण वागतो, याचे कारण एवढेच की मुख्याध्यापकाचा प्रत्येक दिवस दुसऱ्या कोणाच्या तरी तातडीने भरलेला असतो आणि पुढच्या महिन्याकडे पाहायला त्याला कोणी वेळ ठेवलेला नसतो. म्हणून मी आपल्याला एकच काम सुचवतो : जे येणार हे ठाऊक आहे, त्याच्या एक महिना आधी त्याची तयारी करावी. या वर्षी तर त्यातलेही एकच निवडावे, आणि ते म्हणजे वेचणी. पाच गोष्टी एकदम हाती घेतल्या, तर चार शिक्षकांच्या शाळेत पाचही अर्धवट राहतील.

निम्मी मुले येत नाहीत, एवढ्या माहितीवर काही करता येत नाही. त्यासाठी नावे लागतात. मागच्या वर्षीचे हजेरीपट काढून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत जी मुले सलग गैरहजर होती, त्यांची वर्गवार यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहावे. कारण अंदाजाने लिहू नये. त्या मुलाला, त्याच्या वर्गमित्राला किंवा आईला विचारून लिहावे. आपल्या लक्षात येईल की वेचणीमुळे गैरहजर म्हणून ज्यांना आपण एकाच गटात धरतो, त्या मुलांचे निदान तीन वेगळे प्रकार आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला प्रकार स्वतः वेचायला जाणाऱ्या मुलांचा. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे घरातला प्रत्येक जास्तीचा हात पैशांत मोजला जातो. दुसऱ्या वेच्याला कापूस भरात असतो आणि मजुरांची टंचाई असते, तेव्हा तर शेतमालकही मुलांना पाठवा म्हणून सांगतो. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास २०१६ च्या कायदादुरुस्तीने सर्वच व्यवसायांत बंदी घातली आहे आणि शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत घरच्या कामाला हातभार लावण्याची सवलत ठेवली आहे. हे आपल्याला माहीत असावे, परंतु एखाद्या मजूर बाईच्या दारात उभे राहून तिला कायदा ऐकवला, तर मूल शाळेत येत नाही आणि ती बाई मात्र पुढे शाळेच्या आवारात पाऊल टाकत नाही. बोलणी सप्टेंबरमध्ये करावीत, कारण तेव्हा घरात कापसाच्या पैशाचा हिशेब मांडलेला नसतो. शनिवारी शाळा सकाळची असते आणि रविवारी सुट्टी असते. त्या दोन दिवसांत घरच्या शेतात काय हातभार लावायचा तो लावावा, पण सोमवार ते शुक्रवार मूल शाळेत असेल, एवढा एकच शब्द घ्यावा. सगळे पालक तो पाळणार नाहीत. काही पाळतील, आणि जे पाळतील त्यांची मुले पाहून शेजारच्या घरात दबाव येतो, हा खेड्यातला अनुभव आपल्यालाही असेल.

दुसरा प्रकार मुलींचा आहे आणि माझ्या मते आपल्या यादीतला सर्वांत मोठा भाग हाच निघेल. या मुली शेतात जात नाहीत. आई शेतात जाते म्हणून त्या घरी थांबतात, धाकट्या भावंडाला सांभाळतात आणि संध्याकाळचा स्वयंपाक करून ठेवतात. त्यांच्या आईला शाळेचे महत्त्व समजावून सांगण्यात अर्थ नाही. तिला ते समजते. तिची अडचण धाकट्या मुलाला दिवसभर कुठे ठेवायचे ही आहे. तेव्हा अंगणवाडी सेविकेशी बसून वेचणीच्या महिन्यांपुरते काही ठरवता येते का ते पाहावे. अंगणवाडी दुपारी सुटते आणि शाळा संध्याकाळी, आणि या मधल्या दोन-तीन तासांसाठीच मुलगी दिवसभर घरी राहते. अंगणवाडी शाळेच्या आवारात किंवा जवळ असेल, तर ते लहान मूल सुटल्यावर ताईजवळ वर्गात येऊन बसेल, असे स्पष्टपणे ठरवून टाकावे आणि तसे सर्व शिक्षकांना सांगावे. वर्गात एखादे लहान मूल रडले, तर तपासणीला आलेले अधिकारी काय म्हणतील अशी शंका कोणी काढेल. त्या अधिकाऱ्यांना हजेरीपट दाखवावा.

तिसरा प्रकार ऊसतोडीला जाणाऱ्यांचा, आणि तिथे वेळ आणखी कमी आहे. मुकादम हंगामाच्या कितीतरी आधी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो. ती घेतली की कुटुंब जाणार हे पक्के होते आणि मग राहता राहतो प्रश्न मुलांचा. आजी-आजोबा किंवा काका गावात राहणार असतील, तर मुलाला त्यांच्याकडे ठेवण्याचे बोलणे आत्ताच, म्हणजे गाडी तांड्यावर येण्याच्या आधी, झाले पाहिजे. ज्यांना ठेवणारे कोणी नाही, अशा मुलांची संख्या पुरेशी असेल, तर ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेत हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. समितीचा ठराव आणि मुलांची नावनिशीवार यादी जोडून केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लगेच विचारणा करावी, कारण मंजुरीला वेळ लागतो आणि उशिरा मिळालेली मंजुरी रिकाम्या तांड्याच्या कामाची नसते. जी मुले जाणारच, त्यांना निघण्यापूर्वी शिक्षण हमी कार्ड द्यावे, त्यावर मूल काय वाचू शकते आणि कोणती गणिते करू शकते हे प्रामाणिकपणे लिहावे, आणि आईवडिलांना हेही सांगावे की दाखला नाही म्हणून तिकडची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये ही मुले परततील तेव्हा त्यांना पहिल्या दिवशी कोणी रागावू नये, ही सूचना लहान वाटेल, पण परतलेले मूल पुन्हा घरी बसण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

आता आपल्या अधिकाराविषयी. आपण नुसत्या प्रभारी आहात, हे खरे आहे, परंतु आपल्या शाळेला पूर्णवेळ मुख्याध्यापक मिळण्याची शक्यताच कमी आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी दीडशेहून अधिक आणि सहावी ते आठवीसाठी शंभराहून अधिक पट असेल तरच मुख्याध्यापकाचे पद धरले आहे. ९४ पटाच्या शाळेत ज्येष्ठ शिक्षकाकडे प्रभार येणे ही तात्पुरती अडचण नसून नेहमीची व्यवस्था आहे. म्हणजे खरा मुख्याध्यापक येईपर्यंत थांबू, असे म्हणत राहिल्यास शाळा कायमची थांबेल. दुसरे असे की त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, आणि आपल्या राज्यात मुख्याध्यापक, प्रभारी का असेना, तिचा सदस्य सचिव असतो. बैठक कधी बोलवायची आणि तिच्यापुढे कोणते विषय ठेवायचे, हे सचिवाच्या हातात असते. एवढा अधिकार आपल्याला आज आहे आणि तो वापरायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

समिती सह्यांपुरती उरते, याचे कारण बहुधा बैठकीची वेळ हेच असते. दुपारी तीन वाजता मजूर बाई येऊ शकत नाही. ती आली तर तिची मजुरी बुडते. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरीचा हिशेब होतो आणि शेतातली कामे बंद असतात, तेव्हा त्या दिवशी सकाळी बाजाराला निघण्याआधी, किंवा एरवी रात्री जेवणे झाल्यावर बैठक घ्यावी. कार्यक्रमपत्रिकेवर मागील सभेचे इतिवृत्त वगैरे नेहमीचे विषय असू द्यावेत, पण चर्चा एकाच विषयावर व्हावी : या यादीतल्या मुलांपैकी कोणाच्या घरी कोण बोलणार. पालकांनी पालकांशी बोललेले शिक्षकाने बोलल्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. तांड्यावरच्या घरांशी तांड्यातल्याच सदस्याने गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलावे. आपले मराठी त्यांना समजत नाही असे नाही, परंतु उचलीसारखा विषय परक्या माणसासमोर निघत नाही.

ज्येष्ठ सरांच्या ‘वरून पत्र येऊ द्या’ या वाक्यावर आपण रागावलेल्या दिसता. ते वाक्य आळसातून येते असे आपण धरू नये. ज्याने सेवेत बरीच वर्षे काढली आहेत, त्याने पुढाकार घेणाऱ्याला खुलासे देताना पाहिलेले असते आणि पुढाकार न घेणाऱ्याला कधी काही झालेले पाहिलेले नसते. त्यांना पाठबळ हवे आहे आणि ते देण्याची सोय आपल्याकडे आहे : समितीचा ठराव लिहून त्याची प्रत केंद्रप्रमुखांना माहितीसाठी पाठवावी आणि पोच घ्यावी. त्यानंतर सरांना एकटे गाठून, शिक्षकांच्या बैठकीत नव्हे, यादीतली सात-आठ नावे त्यांच्यापुढे ठेवावीत आणि विचारावे की या घरांपैकी कोणती घरे आपले ऐकतील. सर गावात जुने असतील, तर कदाचित त्या मुलांचे वडीलच त्यांचे विद्यार्थी निघतील. इतके करूनही त्यांनी नाही म्हटले, तर ती नावे आपण आणि इतर दोन शिक्षकांनी वाटून घ्यावीत आणि हा विषय पुन्हा काढू नये. एका माणसाचे मन वळवण्यात सप्टेंबर घालवणे परवडणारे नाही.

आपल्याला यासाठी वेळ कुठून मिळणार, हा रास्त प्रश्न आहे. कार्यालयाकडून जी माहिती ‘तातडीने’ मागितली जाते, तिच्यातली बरीचशी तीच ती असते : वर्गवार आणि प्रवर्गवार पट, आधारची स्थिती, खोल्या, शौचालये, पाण्याची सोय, विजेची जोडणी, आहार घेणाऱ्या मुलांची संख्या. एका वहीच्या चार पानांवर ही सगळी माहिती लिहून दर महिन्याच्या एक तारखेला ती दुरुस्त करावी आणि शिक्षकांपैकी जो फोन-संगणकावर सराईत असेल, त्याने मधल्या सुट्टीनंतर ठरलेल्या वेळी त्यातून उत्तरे द्यावीत. पहिल्या दोन तासिकांत आपण फोन कपाटात ठेवावा आणि तसे केंद्रप्रमुखांना आधी सांगून ठेवावे. खरोखर तातडीचे असेल, तर ते शाळेत माणूस पाठवतील. साप्ताहिक उपक्रम आणि त्यांची छायाचित्रे यांतले जे सक्तीचे नाही, ते दिवाळीपर्यंत खुशाल बंद करावे. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे टाळता येत नाहीत, त्यांच्याशी भांडण्यात शक्ती घालवू नये.

वेचणी हा या वर्षाचा विषय, असे मी म्हटले असले, तरी एक गोष्ट याच महिन्यात कागदावर आली पाहिजे, कारण तिची तारीख आपल्या हातात नाही. मार्चमध्ये पाणी आटते असे आपल्याकडेही होत असेल, तर त्याचा निर्णय मार्चमध्ये होत नसतो. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेऊ लागतो, आणि वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक बंधित भाग पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा असतो. शाळेची पाण्याची टाकी, नळजोडणी किंवा मुलींचे शौचालय त्यात बसते. समितीचा ठराव ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (गावात अजून त्यांना ग्रामसेवकच म्हणतात) ग्रामसभेच्या आठवडाभर आधी लेखी द्यावा आणि ग्रामसभेला समितीतल्या दोन-तीन माता सदस्यांनी जातीने हजर राहावे. शाळेच्या संयुक्त अनुदानावर यासाठी विसंबू नये. ३१ ते १०० पटाच्या शाळेला ते वर्षाला २५,००० रुपये आहे, त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखायचा असतो, आणि खडू, वीजबिल व किरकोळ दुरुस्ती यांतच बाकीचे संपते. ते कधी आणि किती हप्त्यांत येईल, यावरही आपला ताबा नाही.

यशाची अपेक्षा माफक ठेवावी. यादीत तीस नावे असतील आणि त्यांतली दहा मुले वेचणीच्या हंगामात टिकली, तरी मी ते वर्ष चांगले गेले असे म्हणेन, आणि त्यातून पुढच्या वर्षीच्या यादीला मागच्या वर्षीचा अनुभव जोडला जाईल. कोणत्या घराने काय कारण सांगितले, कोणता उपाय लागू पडला, कोणता वाया गेला, हे त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवावे. प्रभार उद्या दुसऱ्याकडे गेला, तरी त्याला जूनमध्ये पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये.

राहता राहिला प्रभार सोडण्याचा प्रश्न. आत्ता सोडू नये. नकार दिला, तर तो मंजूर होईपर्यंत कामही आपल्यालाच करावे लागेल आणि निर्णयही कोणी घेणार नाही, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. एप्रिलच्या अखेरीस, निकालाचे काम आटोपल्यावर, शांतपणे विचार करावा आणि तेव्हाही नको वाटले, तर उन्हाळी सुट्टीपूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, म्हणजे नव्या सत्रापूर्वी त्यांना पर्याय शोधता येईल. प्रकृती किंवा घरची अडचण हे कारण असेल, तर ते लिहिण्यात कमीपणा मानू नये. तोवर मात्र एक व्यवहार पूर्ण करावा. आपण जुलैपासून काम पाहता असे लिहिले आहे, परंतु प्रभाराचा लेखी आदेश मिळाल्याचा उल्लेख पत्रात नाही. तो नसेल, तर या आठवड्यात मागून घ्यावा. समितीच्या बँक खात्यावरील सही बदलायला त्याची प्रत लागते. त्याच वेळी रोखवही, पोषण आहाराचा धान्यसाठा आणि यू-डायस या शाळेची माहिती भरण्याच्या ऑनलाइन प्रणालीचा पासवर्ड यांची निवृत्त सरांच्या सहीनिशी यादी करून घ्यावी. धान्य मात्र समक्ष वजन करूनच घ्यावे.